गाळलेले उपकलम

दरवर्षी २६ नोव्हेंबर उजाडला की शाळाशाळांतून घटनेच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते, कचेऱ्यांतून शपथा घेतल्या जातात आणि सायंकाळपर्यंत सारे काही पूर्ववत होते. १९४९ साली याच दिवशी दिल्लीतील घटना समितीने भारताची राज्यघटना स्वीकारली, हे आता लहान मुलांनाही पाठ आहे. २०१५ पासून हा दिवस संविधान दिन म्हणून सरकारी इतमामाने पाळला जातो, हेही योग्यच झाले. परंतु ज्या सभेने ही घटना घडविली तिचे कामकाज उघडून वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. पोथीची पूजा करावयाची आणि पोथी मात्र उघडावयाची नाही, ही आपली जुनी खोड आहे. आज आम्ही त्या पोथीचे एकच पान उघडणार आहोत. कोणत्या राज्यात आपले गाव असावे हे ज्यांच्यासाठी दुसऱ्यांनी ठरविले, त्या सीमाभागातील लोकांच्या रोजच्या जगण्याशी त्या पानाचा संबंध आहे.

प्रथम ही सभा होती कशी ते पाहू. मे १९४६ मध्ये ब्रिटनच्या तीन मंत्र्यांच्या शिष्टमंडळाने हिंदुस्थानच्या घटनेसाठी सभा भरविण्याची योजना जाहीर केली. त्याच महिन्यात बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव तेथे झाला होता. दिल्लीत घटनेची तयारी आणि बेळगावात मराठी राज्याची मागणी, ही दोन्ही कामे अशी एकाच महिन्यात मार्गी लागली. योजनेप्रमाणे घटना समितीचे सभासद ३८९ व्हावयाचे होते. त्यांपैकी २९२ ब्रिटिश प्रांतांचे, ९३ संस्थानांचे व ४ मुख्य आयुक्तांच्या प्रदेशांचे. प्रांतांच्या प्रतिनिधींची निवड लोकांनी केली नाही. ती केली प्रांतिक विधिमंडळांनी. त्या विधिमंडळांना निवडणारा मतदारही मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या चाळणीतून उरलेला. बहुसंख्य शेतमजूर, बहुसंख्य स्त्रिया आणि बहुसंख्य दलित समाज त्या यादीत नव्हताच.

९ डिसेंबर १९४६ रोजी सभा भरली तेव्हा मुस्लिम लीगच्या जागा रिकाम्या होत्या आणि संस्थानिक कुंपणावर बसले होते. पंडित नेहरूंनी १३ डिसेंबरला उद्देशांचा ठराव मांडला. लीग व संस्थाने येईपर्यंत हा ठराव थांबवावा, अशी उपसूचना बॅरिस्टर जयकरांनी दिली, आणि तीवरून त्यांना बरेच टोमणे ऐकावे लागले. पुढे फाळणी झाली व सभासदांची संख्या २९९ वर आली. बंगालमधून निवडून आलेल्या डॉ. आंबेडकरांची जागा फाळणीमुळे गेली, तेव्हा जयकरांनीच रिकामी केलेल्या मुंबईच्या जागेवरून ते पुन्हा सभागृहात आले. बडोदे संस्थान मात्र एप्रिल १९४७ मध्येच, पहिल्या येणाऱ्या संस्थानांबरोबर येऊन बसले होते. हैदराबाद आले नव्हते; तेथे सप्टेंबर १९४८ मध्ये सैन्य पाठवावे लागले. गोव्याचा तर प्रश्नच नव्हता; तेथे पोर्तुगीजांचे राज्य होते. मुंबई इलाख्याच्या बाकांवर शंकरराव देव, काकासाहेब गाडगीळ, केशवराव जेधे हे मराठी पुढारी होते, तसेच दिवाकर आणि निजलिंगप्पा हे कर्नाटकाचे पुढारीही त्याच इलाख्याचे प्रतिनिधी म्हणून बसत. म्हैसूर राज्यात १९५६ नंतर जे मुख्यमंत्री झाले, ते निजलिंगप्पा घटना समितीत मुंबईचे सभासद होते, ही गोष्ट आज ध्यानात आणून दिली तर पुष्कळांना नवल वाटेल.

या सभेने केलेल्या कामाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. अकरा अधिवेशने, १६५ दिवस. त्यांतले ११४ दिवस मसुद्यावरील चर्चेत गेले. उपसूचना ७,६३५ आल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाहेर निर्वासितांचे तांडे येत होते, काश्मिरात लढाई चालू होती, गांधीजींचा खून झाला होता. आणि आत ही माणसे एकेका शब्दावर वाद घालीत बसली होती. थोड्यांच्या मतांवर निवडून आलेल्या या सभेने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत दिले. अस्पृश्यता नष्ट केली, आणि तीही नुसत्या उपदेशाने नव्हे, तर कलम लिहून. स्वतःच्या जन्माची उणीव अशा रीतीने भरून काढणारी सभा जगाच्या इतिहासात विरळाच सापडेल.

एका बाबतीत मात्र तिने जे हाती घेतले होते ते सोडून दिले.

डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये घटनेचा मसुदा सादर केला. त्यातील तिसरे कलम नवी राज्ये निर्माण करण्याविषयी व सीमा बदलण्याविषयी होते. ते मूळ कलम काय होते, हे आम्ही वाचकांना सावकाश सांगू इच्छितो; कारण आज छापील घटनेत जे दिसते ते हे नव्हे. मसुद्याप्रमाणे सीमा बदलण्याचे विधेयक फक्त भारत सरकारने आणावयाचे होते आणि तेही दोन वाटांपैकी एका वाटेने मागणी आल्यावर. एक वाट अशी की, ज्या राज्याची सीमा किंवा नाव बदलावयाचे त्या राज्याच्या विधिमंडळाने तसा ठराव करावा. दुसरी वाट अशी की, जो प्रदेश एखाद्या राज्यातून वेगळा काढावयाचा, त्याच प्रदेशातून विधिमंडळात निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या बहुमताने राष्ट्रपतींकडे तसे निवेदन करावे. यानंतर संबंधित विधिमंडळांचे मत राष्ट्रपतींनी अजमावावे आणि संस्थानी राज्य असेल तर त्याची आगाऊ संमतीही घ्यावी.

दुसरी वाट पुन्हा एकदा वाचावी. प्रश्न ज्या प्रदेशाचा, बोलावयाचे त्याच प्रदेशाच्या प्रतिनिधींनी. अख्ख्या राज्याचे बहुमत येथे लागत नव्हते. राजधानीतील मंत्रिमंडळाची कृपा लागत नव्हती. एका तालुक्याचे, दोन तालुक्यांचे आमदार एकत्र येऊन सही करतील तर त्यांच्या निवेदनाला घटनेत जागा होती. हा काही स्वयंनिर्णयाचा हक्क नव्हता, हे आम्ही जाणतो. सरकारने विधेयक आणलेच पाहिजे असे त्यात म्हटलेले नव्हते, आणि शेवटचा शब्द संसदेचाच होता. दार ठोठावण्याची ती एक सोय होती. पण दाराला कडी असणे आणि दारच भिंतीत बुजवून टाकणे यांत फरक आहे.

याच सुमारास मसुदा समितीच्या शिफारशीवरून घटना समितीच्या अध्यक्षांनी जून १९४८ मध्ये न्यायमूर्ती दार यांच्या नेतृत्वाखाली भाषिक प्रांत आयोग नेमला. आंध्र, कर्नाटक, केरळ आणि महाराष्ट्र हे प्रांत करावेत काय, केल्यास त्यांच्या सीमा कोणत्या, हे त्याने सांगावयाचे होते. डॉ. आंबेडकरांनी ऑक्टोबर १९४८ मध्ये या आयोगापुढे महाराष्ट्राच्या बाजूने सविस्तर निवेदन दिले. मराठी प्रांत एक असावा, मुंबई त्यातच असावी, मात्र प्रांताच्या कारभाराची भाषा केंद्राचीच असावी, असे त्यांचे म्हणणे होते. मसुदा समितीचा अध्यक्ष आयोगाकडे पक्षकार म्हणून जातो, हे दृश्य आजच्या काळात कल्पनेतही आणणे कठीण आहे. आयोगाने १० डिसेंबर १९४८ रोजी अहवाल दिला, आणि केवळ किंवा मुख्यत्वे भाषेच्या पायावर प्रांत करणे राष्ट्राच्या हिताचे नाही असा निर्वाळा दिला. पुढे नेहरू, पटेल व पट्टाभी यांच्या समितीने एप्रिल १९४९ मध्ये आंध्रापुरते दार किलकिले ठेवून बाकीच्यांना थांबावयास सांगितले.

पण तारखा पाहा. आयोगाचा अहवाल डिसेंबरात आला. तिसरे कलम मात्र १७ व १८ नोव्हेंबर १९४८ रोजीच सभागृहाने निकालात काढले होते. सीमांविषयी चौकशी करण्यासाठी स्वतःच नेमलेल्या आयोगाची वाट न पाहता सीमा बदलण्याची रीत ठरविली गेली!

त्या दोन दिवसांच्या चर्चेत प्राध्यापक के. टी. शहा यांनी उपसूचना मांडली की, सीमाबदलाचा प्रस्ताव संबंधित राज्याच्या विधिमंडळातूनच निघाला पाहिजे. लोकशाहीच्या दृष्टीने ती वरवर निर्दोष दिसते. तिला श्री. संतानम यांनी दिलेले उत्तर आमच्या मते साऱ्या वादातील सर्वात मार्मिक होते. आंध्रांना मद्रास प्रांतातून वेगळे व्हावयाचे आहे; त्यांनी मद्रासच्या विधिमंडळात ठराव आणला आणि इतरांच्या बहुमताने तो पडला, तर प्रश्न तेथेच संपला, असे त्यांनी दाखवून दिले. राज्यातले बहुमत अल्पमतातल्या प्रदेशाला बांधून ठेवील, ही भीती त्यांनी अचूक हेरली होती. शहांची उपसूचना फेटाळली गेली, ते ठीकच झाले.

पण त्याच वेळी डॉ. आंबेडकरांनी मूळ कलमाला सुचविलेली दुरुस्ती मान्य झाली, आणि तिने मसुद्यातील दोन्ही वाटा काढून टाकल्या. राष्ट्रपतींची शिफारस हवी आणि विधिमंडळाचे मत अजमावलेले हवे, एवढेच शिल्लक उरले. संस्थानी राज्यांची संमती त्या दिवशी राहिली होती. घटना पुरी होईपर्यंत तीही जाऊन तिच्या जागी नुसते मत आले. संतानम यांच्या युक्तिवादाचा खरा निष्कर्ष असा की, राज्याच्या बहुमताला नकाराधिकार नको आणि प्रदेशाच्या प्रतिनिधींना आवाज हवा. सभागृहाने त्यातले पहिले अर्ध घेतले आणि दुसरे टाकले. ज्यांनी ते टाकले त्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. दुरुस्तीमुळे विधेयक आणणे अधिक सुलभ होते, एवढे खरे. परंतु ते दिल्लीला सुलभ झाले. खानापूरला किंवा निपाणीला नव्हे.

कोणी म्हणेल की, घटना समितीने सीमांचा प्रश्न तेथेच सोडवावयास बसले पाहिजे होते. आम्ही इतके पुढे जात नाही. शेजारच्या नेपाळचे उदाहरण ताजे आहे. तेथे २००८ साली ६०१ सभासदांची घटना समिती निवडली गेली आणि तिने प्रदेशांची आखणी घटनेतच करण्याचे मनावर घेतले. कोणते प्रदेश, किती, कोणत्या नावांनी, या वादात चार वर्षे गेली आणि २०१२ साली घटना न देताच ती सभा विसर्जित झाली. दुसरी सभा २०१३ साली निवडली, २० सप्टेंबर २०१५ रोजी सात प्रदेशांची घटना जाहीर झाली, आणि तराईत रक्त सांडले. आपल्या पूर्वसुरींनी आखणी पुढे ढकलली म्हणून आपल्याला तीन वर्षांच्या आत घटना मिळाली, हे मान्य केलेच पाहिजे. आखणी लांबणीवर टाकणे शहाणपणाचे होते; परंतु ती पुढे करावयाची तेव्हा ज्यांच्या दारातून रेघ जाणार त्यांना विचारण्याची तरतूद पुसून टाकणे, यात कोणते शहाणपण होते?

परिणाम काय झाला तो सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९५५ मध्ये पाचव्या घटनादुरुस्तीने विधिमंडळांनी मत देण्यालाही मुदत घातली. १९५६ सालच्या पुनर्रचना विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते, व त्यांवर विधिमंडळांची मते घेतली गेली. संसदेत मात्र त्या तिघांचे एक द्वैभाषिक राज्य झाले, आणि त्यावर पुन्हा कोणाला विचारले नाही. हे घटनाबाह्य आहे म्हणून बाबुलाल पराते यांनी दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली निकाल दिला की, एकदा मत विचारले की पुरे, नंतर विधेयकात बदल झाला तरी पुन्हा विचारण्याची आवश्यकता नाही. त्याच कायद्याने चंदगड वगळून बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात गेला. जिल्हा हा घटक धरला गेला. जिल्ह्याच्या पोटातील गावे काय बोलतात, त्यांना काय हवे, याला कायद्यात रकाना नव्हता. एकीकरण समितीचे उमेदवार पुढे वारंवार म्हैसूरच्या विधानसभेत निवडून गेले. मसुद्यातले ते उपकलम राहिले असते तर त्यांच्या सह्यांच्या कागदाला राष्ट्रपतिभवनात घटनेने दिलेला दर्जा असता. ते नसल्यामुळे तो कागद एक अर्ज ठरला, आणि अर्जाचे काय होते हे सीमाभागाइतके कोणाला माहीत असणार!

या कलमाच्या दुधारीपणाचे अनुभव इतरांनाही आले आहेत. २०१४ साली आंध्र प्रदेशच्या विधानसभेने तेलंगणाचे विधेयक फेटाळले, तरी संसदेने ते मंजूर केले. संतानम यांची दृष्टी तेथे फळाला आली; राज्याचे बहुमत प्रदेशाला अडवू शकले नाही. २०१९ साली मात्र जम्मू-काश्मीरची विधानसभा विसर्जित असताना राज्याचे विभाजन झाले आणि विधिमंडळाच्या वतीने मतही संसदेनेच दिले. एकच कलम एकीकडे प्रदेशाच्या इच्छेला वाट देते आणि दुसरीकडे कोणाचीच इच्छा न विचारता चालते. ते कसे चालेल हे दिल्लीतील बहुमतावर अवलंबून राहते.

लोकांना विचारणे व्यवहार्य नाही, हा आक्षेप तर टिकतच नाही. घटना समिती अस्तित्वात असतानाच, जुलै १९४७ मध्ये, आसामातील सिल्हेटच्या लोकांचा कौल घेण्यात आला होता. गोव्याने १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणावर मत दिले: विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१. विलीनीकरणवाद्यांचा पराभव झाला. तो निकाल आमच्या जिव्हारी लागणारा होता, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु गोव्याच्या माणसाला विचारले गेले आणि त्याने उत्तर दिले, म्हणून तो निकाल मानणे आमच्यावर बंधनकारक आहे. बेळगावला असे काही विचारल्याची तारीख मात्र कोणी दाखवावी. आणि गाव हा घटक धरून सीमा आखता येत नाही असेही नाही. घटना समितीचेच एक सभासद हरिभाऊ पाटसकर यांनी आंध्र आणि मद्रास यांच्यामधली सीमा गावागावाची भाषा व सलगता पाहून सुचविली. तिचा कायदा १९५९ साली झाला व १९६० पासून ती अमलात आहे. त्यावरून ना देश फुटला, ना दोन्ही राज्ये बुडाली.

आणखी एक आक्षेप आमच्याच मित्रांकडून येईल, तो आधीच घेतलेला बरा. असे उपकलम पुन्हा आले तर अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर येथील कन्नड भाषिकांचे प्रतिनिधीही तसेच निवेदन करू शकतील. करू देत. जी मोजपट्टी आम्ही स्वतःसाठी मागतो ती दुसऱ्याच्या हाती देण्यास कचरलो, तर आमच्या मागणीत न्याय किती आणि नुसता हव्यास किती, याचा हिशेब आम्हांलाच द्यावा लागेल.

महाराष्ट्र सरकारने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो १९५६ च्या कायद्याविरुद्ध आहे. न्यायालयाचा मार्ग हा एक मार्ग झाला. पण ज्या रीतीने तो कायदा झाला ती रीत घटनेच्या तिसऱ्या कलमात तशीच आहे, आणि तिच्याकडे आमच्या खासदारांचे लक्ष जात नाही. तिसरे कलम दुरुस्त करण्यासाठी निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागत नाही. ३६८ व्या कलमाप्रमाणे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे विशेष बहुमत पुरते. नवे शब्दही शोधावयास नकोत. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात ते छापलेले आहेत, आणि ते ज्या समितीने लिहिले तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. पाचव्या दुरुस्तीने या परंतुकाला एकदा हात लागला आहे, तो राज्यांचा वेळ कमी करण्यासाठी. प्रदेशाचा आवाज परत देण्यासाठी तो दुसऱ्यांदा लावण्याचे अशासकीय विधेयक येत्या अधिवेशनात कोणता मराठी खासदार मांडतो, ते आम्ही पाहणार आहोत.